पुठ्ठ्याच्या नळीतून आलेला उजेड

पुठ्ठा! खांबाएवढ्या जाड नळ्या, दोन्ही बाजूंनी तिरप्या चढत जाऊन वर शेंड्याला एकमेकींना भिडलेल्या, एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, आणि सगळ्या पुठ्ठ्याच्या. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात, लॅटिमर स्क्वेअरच्या कडेला असलेल्या त्या चर्चमध्ये मी मान मागे टाकून उभी होते आणि भाचीला पुन्हा पुन्हा विचारत होते, "नक्की पुठ्ठाच ना गं हा?"

"हो मावशी. इथे सगळे याला कार्डबोर्ड कथीड्रल असंच म्हणतात."

तिने मला तिथे नेलं ते गावातलं एक बघण्यासारखं ठिकाण म्हणून. अर्ध्या तासात बघून होईल, मग बागेत जाऊ, असा बेत होता. बागेत आम्ही गेलोच नाही. मी तिथल्या लाकडी खुर्चीवर बसले आणि उठवेना. इमारत बघून माणसाचं असं होऊ शकतं, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. देवळं पाहिली होती, लेणी पाहिली होती, पण ती जुनी म्हणून, कुणीतरी आधी सांगून ठेवलेली म्हणून. इथे समोर होतं ते माझ्या हयातीत बांधलेलं, ऑगस्ट 2013 मध्ये उघडलेलं, आणि ज्या वस्तूला आपण रद्दीत घालतो त्या वस्तूचं.

उजेडाचं तर काय सांगू! दोन नळ्यांच्या मध्ये दोन इंचांची फट सोडली आहे. वर पॉलिकार्बोनेटचं पारभासक छप्पर. बाहेरचं ऊन त्या छपरातून गाळून येतं, फटींतून खाली उतरतं आणि जमिनीवर, खुर्च्यांवर, बसलेल्या माणसांच्या खांद्यांवर त्याचे पट्टे पडतात. ढग आला की पट्टे विरतात, ढग सरला की पुन्हा उमटतात. भिंतीत खिडक्या काढून उजेड आत घेतलेला नाही, अख्खं छप्परच उजेड आत सोडतं.

मग आणखी एक गोष्ट दिसली. दाराशी छप्पर बऱ्यापैकी खाली आहे आणि वेदीकडे चालत जावं तसं ते उंच होत जातं, वेदीच्या डोक्यावर तर थेट 21 मीटर. मला वाटलं, पुढच्या नळ्या लांब असणार. तर तसं नाही. 60 सेंटीमीटर व्यासाच्या 98 नळ्या आहेत आणि सगळ्या एकाच लांबीच्या! जमिनीवरचा आराखडा दाराशी रुंद आणि वेदीशी अरुंद आहे, एवढीच काय ती युक्ती. रंगाऱ्याचा दोन पायांचा घोडा असतो ना, त्याचे पाय जवळ ओढले की माथा वर उचलला जातो, तसे नळ्यांच्या प्रत्येक जोडीचे पाय थोडे थोडे जवळ आणत नेले आहेत आणि माथा आपोआप चढत गेला आहे. एकही नळी वेगळी कापावी लागली नाही, आणि तरी सबंध छप्पर हलकेच वर उठल्यासारखं वाटतं. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दारापर्यंत मागे गेले आणि पुन्हा चालत पुढे आले, नुसता तो चढ अंगावर घ्यायला.

खाली बाजूच्या भिंती म्हणजे मालवाहू जहाजांवरचे कंटेनर, आठ. दर्शनी भागात त्रिकोणी रंगीत काचा, आणि त्यांवर जुन्या कथीड्रलच्या गोल खिडकीतली चित्रं. ते जुनं दगडी कथीड्रल 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात मोडलं. त्या दिवशी या शहरात 185 माणसं गेली. मोडलेल्या कथीड्रलच्या जागी तात्पुरती का होईना, प्रार्थनेला जागा हवी होती, म्हणून इथल्या मंडळींनी शिगेरू बान या जपानी वास्तुकाराला विचारलं, आणि त्यांनी एक पैसा न घेता हा आराखडा करून दिला. सातशे माणसं बसतील एवढी ही जागा आहे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती कळल्यावर माझा जीव क्षणभर खट्टू झाला होता. बान यांच्या मनात सगळा भार पुठ्ठ्यानेच पेलावा असं होतं, पण तेवढ्या जाड नळ्या तिथल्या कारखान्यांना करता येईनात, म्हणून नळ्यांच्या पोटात लाकडाच्या तुळया घातल्या आहेत. मग हे पुठ्ठ्याचं कसं म्हणायचं? थोडा वेळ विचार केल्यावर मला ती अडचण वाटेनाशी झाली. जे मिळेल ते घ्यायचं आणि तिथल्या कारागिरांना जमेल तसं बांधायचं, हाच तर या माणसाचा बाणा आहे. लाकूड मिळालं, लाकूड घेतलं.

त्या रात्री भाचीच्या घरी मी जेवणसुद्धा धड केलं नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले ते पहाटेपर्यंत. हा माणूस आहे कोण?

जन्म 1957 चा, टोकियोचा. लहानपणी घराच्या डागडुजीला सुतार यायचे, ते बघून याला सुतार व्हायचं होतं. मला हे वाचून फार आनंद झाला, कारण त्यांच्या प्रत्येक कामात तो सुतार दिसतो. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसला आणि मग न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये शिक्षण, 1985 मध्ये टोकियोत स्वतःचं ऑफिस. त्याच वर्षी एमिलिओ अंबाझ या वास्तुकाराच्या कामाचं एक प्रदर्शन त्यांनी मांडलं आणि त्यात आडोशाला कापड वापरलं. कापड आलं ते नळ्यांवर गुंडाळून. प्रदर्शन संपलं, नळ्या उरल्या. टाकवेनात म्हणून बान यांनी त्या ऑफिसात ठेवून दिल्या. पुढच्या वर्षी फिनलंडच्या अल्वार आल्टो यांच्या कामाचं प्रदर्शन मांडायचं काम आलं. आल्टो म्हणजे लाकूड, लाकडाचे लाटेसारखे वळलेले छत. पण थोड्या दिवसांच्या प्रदर्शनासाठी एवढं लाकूड आणायचं आणि मग फेकायचं? परवडणारंही नव्हतं. तेव्हा कोपऱ्यात उभ्या असलेल्या नळ्यांकडे लक्ष गेलं. छत नळ्यांचं, आडोसे नळ्यांचे, वस्तू मांडायचे चौथरेही नळ्यांचे. आणि हाताळताना लक्षात आलं की या दिसतात त्यापेक्षा कितीतरी दणकट आहेत.

इथे मी लॅपटॉप बाजूला ठेवला. कारण ही नळी मी ओळखते! इचलकरंजीत आमचं पडद्याच्या आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे, आता दादा बघतो. कापडाचा रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी मागच्या खोलीत उभी राहायची आणि ढीग झाला की रद्दीवाल्याकडे जायची. लहानपणी आम्ही त्यांच्या स्टंपा केल्या, बॅटी केल्या, तोंडाला लावून एकमेकांना हाका मारल्या. ती नळी मोडायची म्हटली तर मोडत नसे, हे इचलकरंजीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. तिच्यातून घर उभं राहील हे मात्र टोकियोतल्या एकाच माणसाला दिसलं.

नळी होते तरी कशी? तपकिरी क्राफ्ट कागदाच्या लांब पट्ट्या डिंकात बुडवून लोखंडी दांड्याभोवती तिरप्या गुंडाळत न्यायच्या. जितके थर, तितकी जाडी. दांडा जेवढा, तेवढा व्यास. लांबी हवी तेवढी, हवी तिथे कापायची. यंत्र साधं, जगात कुठेही मिळणारं. कापडाला नळी लागते, कागदाच्या रिळांना लागते, प्लास्टिकच्या फिल्मला लागते, बांधकामात गोल खांब ओतायला साचा म्हणूनही लागते. बान यांनी हेरलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तर यापुढेच आहे. भूकंप झाला, पूर आला की लाकूड, सिमेंट, पत्रे यांचे भाव कडाडतात. पुठ्ठ्याच्या नळीचा भाव वाढत नाही, कारण तिला कुणी बांधकामाचं सामान समजतच नाही!

पण सरकारी परवानगी कोण देणार? बान वासेदा विद्यापीठाचे प्राध्यापक गेंगो मात्सुई यांच्याकडे गेले. त्यांच्या मदतीने नळ्यांवर भार टाकून, वाकवून, भिजवून त्यांचं बळ मोजलं. 1995 मध्ये यामानाका सरोवराकाठी बान यांनी स्वतःसाठी कागदी घर बांधलं, त्यासाठी पुठ्ठ्याच्या नळीला कायमच्या इमारतीत भार पेलायची परवानगी जपानमध्ये पहिल्यांदा मिळाली. इंग्रजी एस अक्षरासारखी वळत गेलेली नळ्यांची रांग, आणि त्या वळणांनीच आतल्या खोल्या पडलेल्या. बाहेर झाडं. मी ती छायाचित्रं कितीदा उघडली असतील!

आणि मग कोबे. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले.

17 जानेवारी 1995 च्या पहाटे कोबे शहर हादरलं. नागाता भागात व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेली कुटुंबं राहत होती, त्यांचं ताकातोरी चर्च आगीत भस्म झालं. बान तिथे गेले आणि पाद्र्यांना म्हणाले, मी तुम्हाला कागदाचं चर्च बांधून देतो. आगीत सगळं गमावलेल्या माणसाला हे सांगायचं! पाद्रीबाबांनी साहजिकच मनावर घेतलं नाही. बान जात राहिले. जाता-येता त्यांना दिसलं की ही कुटुंबं अजून बागेत प्लास्टिकच्या कापडाखाली राहताहेत, पाऊस आला की चिखल, ऊन पडलं की भट्टी. तेव्हा चर्च राहू द्या, आधी घरं, असं ठरलं.

त्या घरांचा तपशील ऐका. पाया म्हणजे वाळू भरलेले बिअरचे प्लास्टिकचे क्रेट. भिंती म्हणजे 106 मिलिमीटर व्यासाच्या, जेमतेम 4 मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, शेजारी शेजारी उभ्या, मधल्या सांध्यात पाणी न शिरू देणारी स्पंजाची पट्टी. वर तंबूचं कापड, आणि छत व छप्पर यांच्यात पोकळी, म्हणजे उन्हाळ्यात गरम हवा वरच्या वर निघून जावी. चार मीटर बाय चार मीटरची खोली. एका घराला खर्च 2000 डॉलरच्या आत. दोन घरांत 1.8 मीटरची जागा मोकळी, त्यात बसायला, बोलायला. बांधणारे कोण? बहुतेक विद्यार्थी. क्रेनची गरज नाही, गवंड्याची गरज नाही, क्रेट रचायचे आणि नळ्या उभ्या करायच्या. आणि घरं बघायला किती देखणी! आपत्तीत सापडलेल्या माणसाला देखणं घर मिळू नये असं थोडंच आहे? तात्पुरती निवारा-शेड म्हटली की कुरूपच असायची, हे आपण मान्य करून बसलो होतो. बान यांनी ते मान्य केलं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल जे वाटतं त्यातला मोठा भाग या एका गोष्टीमुळे आहे.

घरं झाल्यावर पाद्रीबाबांनी चर्चलाही होकार दिला. लंबवर्तुळात उभ्या केलेल्या 58 नळ्या, प्रत्येक 5 मीटर उंच. वेदीमागे त्या दाटीने उभ्या आणि दाराच्या बाजूला एकमेकींपासून लांब लांब, म्हणजे पुढची दारं उघडली की आतली गर्दी आणि बाहेरची गर्दी एकच होते. 160 स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत बांधलं. काही वर्षं टिकलं तरी पुरे असं म्हणून बांधलेलं हे चर्च दहा वर्षं वापरात राहिलं, लोकांनी हलू दिलं नाही. 2005 मध्ये ते सोडवलं तेही फेकायला नव्हे. नळ्या जहाजातून तैवानला गेल्या आणि 2008 मध्ये पुली भागातल्या ताओमी गावात पुन्हा उभ्या राहिल्या, जिथे 1999 च्या भूकंपाने घरं पाडली होती. एका भूकंपातल्या लोकांचं देऊळ दुसऱ्या भूकंपातल्या लोकांकडे गेलं. कॉंक्रीटचं असतं तर गेलं असतं?

बान याच्यावरून एक फार थेट गोष्ट सांगतात. नफ्यासाठी बांधलेली कॉंक्रीटची इमारत दुसरा बिल्डर येऊन पाडतो, म्हणजे ती तात्पुरती. कागदाची इमारत लोकांच्या जिवाला लागली की ती टिकते, म्हणजे ती कायमची. मी हे भाचीला झोपेतून उठवून ऐकवलं.

कोबेच्या आदल्या वर्षीची रवांडाची गोष्टही अशीच. लाखो निर्वासितांना संयुक्त राष्ट्रसंघ प्लास्टिकच्या चादरी देई, चादर ताणायला लोक झाडं तोडत, डोंगर उघडे पडू लागले. म्हणून ॲल्युमिनियमचे पाइप दिले, तर पोटाची भूक मोठी, लोकांनी पाइप विकले. बान जिनिव्हाला जाऊन सांगून आले, पुठ्ठ्याच्या नळ्या द्या. विकून काही मिळत नाही, म्हणून त्या तंबूतच राहतील.

आणि भूज! हे तर मला ठाऊक असायलाच हवं होतं. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर बान कच्छमध्ये आले होते. कोबेची घरं जशीच्या तशी उचलून आणली नाहीत. बिअरचे क्रेट इथे कुठून आणणार? म्हणून पाया केला पडलेल्या घरांच्या राडारोड्याचा, त्यावर मातीची सारवलेली जमीन. छप्पर बांबूच्या कमानींचं, त्यावर चटया आणि दोन चटयांच्या मध्ये प्लास्टिकचं कापड. छपराच्या टोकांशी चटईची बारीक भोकं मोकळी, त्यातून वारा खेळतो आणि चुलीचा धूर बाहेर जातो. भिंत तेवढी तीच, पुठ्ठ्याची. माणसाला घर कोसळल्याचा राडारोडा म्हणजे रोजचं दुःख, आणि इथे त्याच राडारोड्यावर नवं घर बसलं.

हे वाचताना मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे माणसं मेली ती जाड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या माळवदांखाली. आपल्याकडे घर जितकं जड तितकं भक्कम असं समजतात. भूकंपात मात्र वजनच अंगावर येतं. इमारतीचं बळ ती कशाची आहे यावर नसून ती कशी जोडली आहे यावर असतं, हे बान वर्षानुवर्षं सांगताहेत आणि पुठ्ठ्याने सिद्ध करताहेत.

आता वाटेल की हा माणूस फक्त आपत्तीतलाच. छे! पहाटे तीनच्या सुमाराला मला त्यांची घरं सापडली आणि मी पुन्हा सरसावून बसले.

टोकियोजवळच्या कावागोए शहरात शेतांमध्ये 2000 मध्ये बांधलेलं एक घर आहे. मालकांना आजीसकट सगळ्यांनी एकाच छताखाली, एकमेकांच्या नजरेत राहायचं होतं, आणि तरी प्रत्येकाला आपापलं काही करायची मोकळीक हवी होती. बान यांनी एक लांबलचक, दोन मजल्यांएवढी उंच, आतून मोकळी खोली बांधली आणि तिच्यात चार छोट्या खोल्या ठेवल्या, चाकांवर! ढकलायच्या आणि हव्या तिथे न्यायच्या. थंडीत हीटरजवळ, उन्हाळ्यात वाऱ्याच्या तोंडाशी. दोन जोडल्या की मोठी खोली. या खोल्यांच्या छतावर चढून मुलांनी अभ्यासाला बसायचं. आणि भिंत? बाहेर पन्हाळीदार पारभासक प्लास्टिक, आत नायलॉनचं कापड, आणि मध्ये फळांच्या पेटीत घालतात ते पांढऱ्या प्लास्टिकच्या शेवयांसारखं पॅकिंग, पारदर्शक पिशव्यांत भरून. थंडी अडवायला ते आहेच, पण उजेड त्यातून असा झिरपतो की दिवसभर घरात सावलीच पडत नाही. फळांच्या पेटीतलं पॅकिंग! आंब्याच्या पेटीतलं असलं काही आपण दुसऱ्यांदा हातात तरी धरलंय का?

1995 मधल्या दुसऱ्या एका घरात भिंतीच नाहीत, कपाटं आहेत. कारखान्यात तयार केलेली, 2.4 मीटर उंचीची कपाटं आणि पुस्तकांची मांडणी आणून रांगेत उभी केली आणि त्यांच्यावर छप्पर ठेवलं. तीच भिंत, तोच खांब, त्यातच कपडे आणि पुस्तकं. आधी घर बांधायचं आणि मग फर्निचरने भरायचं, हा क्रमच इथे नाहीसा झाला. त्याच वर्षी टोकियोत भिंतीऐवजी दोन मजले उंच पडदा लावलेलं घरही त्यांनी केलं. फोटोत पडदा वाऱ्यावर फुगलेला दिसतो, विलक्षण सुंदर. पण त्यात राहावं असं मला वाटलं नाही. घराला थोडी पाठ हवी.

फर्निचरमध्येही तोच हात. पुठ्ठ्याच्या बारीक नळ्या ओळीने लावून केलेल्या खुर्च्या, पाठीला आणि बैठकीला एकच वळण. 2009 मध्ये फिनलंडच्या आर्टेक कंपनीसाठी केलेली दहा तुकड्यांची योजना: इंग्रजी एल आकाराचा एकच तुकडा, तसे दहा घेतले की एका रीतीने जोडल्यावर खुर्ची, दुसऱ्या रीतीने स्टूल, तिसऱ्या रीतीने टेबलाचा पाय. तुकडे कसले, तर कागद आणि प्लास्टिकच्या टाकाऊ मालाचे. आणि आर्टेक ही कंपनी कुणी काढली होती? आल्टो आणि त्यांच्या सोबत्यांनी, 1935 मध्ये! ज्यांच्या प्रदर्शनात नळीने पहिल्यांदा छत धरलं, त्यांच्याच घरी बान तेवीस वर्षांनी खुर्ची घेऊन गेले. एवढा नेमका योग जुळून आला की मी एकटीच बसल्या जागी टाळी वाजवली.

2000 सालचा त्यांचा टॉयलेट पेपर बघा. रोलच्या आतली नळी गोल नाही, चौकोनी. ओढला की अडखळत, खट् खट् करत येतो, त्यामुळे माणूस हवा तेवढाच ओढतो. पेटीत रचले तर मध्ये जागा वाया जात नाही, म्हणजे ट्रकमध्ये जास्त मावतात. गोलाचा चौकोन केला, बस्स.

आणि दिवे! फोंताना आर्ते या इटालियन कंपनीसाठी त्यांनी केलेला यूमी हा उभा दिवा म्हणजे कार्बन फायबरची एकच ताणलेली, धनुष्यासारखी वाकलेली रेघ, आणि तिच्या पोटाशी एलईडीची पट्टी. शेड नाही, बल्ब दिसत नाही, दिव्याला दिव्याचं शरीरच नाही. पण मला त्यांचा सगळ्यात मोठा दिवा वाटला तो टोकियोच्या शिबुया भागातलं सार्वजनिक स्वच्छतागृह. 2020 मध्ये तिथल्या दोन बागांत त्यांनी रंगीत काचेची स्वच्छतागृहं बांधली. बाहेरून आरपार दिसतं! कारण सार्वजनिक संडासात शिरताना माणसाला दोनच धास्ती असतात, आत घाण तर नाही ना, आणि आत कुणी दबा धरून तर नाही ना. दोन्ही बाहेरूनच कळतं. आत जाऊन कडी लावली की काच दुधी होते. वीज चालू असते तोवर काच पारदर्शक, वीज तोडली की अपारदर्शक, म्हणजे वीज गेली तरी लाज झाकलेलीच. बाईमाणूस म्हणून मी हे किती वेळ बघत बसले असेन! रात्री ती आतून उजळतात आणि अंधाऱ्या बागेला उजेड देतात. विम वेंडर्स यांच्या 'परफेक्ट डेज' या चित्रपटात ती दिसतात. मी चित्रपट लगेच दुसऱ्या दिवशी पाहिला.

फ्रान्समधल्या मेट्झ शहराच्या पॉम्पिदू केंद्रावर, त्याच्या वेताच्या टोपीसारख्या विणलेल्या लाकडी छपरावर, खूप लिहिलं गेलं आहे. 2010 मध्ये ते उघडलं, भव्य आहे. मला त्याहून आवडलं ते हे की त्याचं काम चालू असताना राहायला महागड्या पॅरिसमध्ये ऑफिसला जागा नाही, तर बान यांनी पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राच्या गच्चीवर पुठ्ठ्याच्या नळ्यांचं ऑफिस बांधलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते काम काचेतून बघता यायचं. 2014 मध्ये वास्तुकलेतलं प्रित्झकर पारितोषिक मिळालं तेव्हाही नळ्या उचलणं चालूच होतं.

आता जे सांगणार आहे त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

आपत्तीत लोकांना शाळेच्या, जिमखान्याच्या हॉलमध्ये नेऊन ठेवतात. शेकडो माणसं, एका सतरंजीवर एक कुटुंब, आडोसा शून्य. कपडे बदलायचे कुठे, तान्ह्याला पाजायचं कुठे, रडायचं कुठे. बान यांनी 2004 पासून यासाठी आडोसे करायला घेतले आणि सुधारत नेले. दोन जाडींच्या पुठ्ठ्याच्या नळ्या. जाड नळी उभी, तिला वर भोक. बारीक नळी त्या भोकात आडवी. आडव्या नळीवर कापड टाकायचं. खिळा नाही, स्क्रू नाही. दोन मीटर बाय दोन मीटरची खोली तीन माणसं काही मिनिटांत उभी करतात. 2011 च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या पन्नासेक आश्रयस्थानांत अशा अठराशेच्या आसपास खोल्या लागल्या. 2022 मध्ये युक्रेनमधून पळून आलेल्या बायका-मुलांसाठी पोलंडच्या हेल्म शहरात, एका बंद पडलेल्या सुपरमार्केटमध्ये, याच नळ्या उभ्या राहिल्या.

2019 च्या आणि 2021 च्या महापुरात आमच्या भागात, कोल्हापूर-सांगलीकडे, शाळांचे हॉल असेच भरले होते. पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा दादाच्या गल्लीतली कुटुंबंही एका शाळेत होती. वहिनी सांगायची, बायकांनी आळीपाळीने साडी धरून उभं राहायचं, तोवर दुसरीने कपडे बदलायचे. साडी धरणाऱ्या बाईचे हात भरून येईपर्यंत. आणि हे कुठे, तर इचलकरंजीत! जिथे कापड आहे, कापडाच्या नळ्या आहेत, रद्दीत जायला निघालेल्या! बान यांना जगभर जे दोन जिन्नस गोळा करावे लागतात ते आमच्या एका पेठेत आहेत.

क्राइस्टचर्चहूनच मी दादाला फोन लावला. त्याच्याकडे सकाळचे आठ, दुकान उघडायच्या गडबडीत होता. मी बोलत सुटले, कोबे, भूज, पोलंड, सगळं एका दमात. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, थांब. नळ्या दोन जाडींच्या पाहिजेत म्हणतेस ना?"

"हो. एक दुसरीत जायला पाहिजे."

"सोफ्याच्या कापडाची जाड असते, पडद्याची बारीक. जाईल. भोक पाडायला सुताराकडे होल-सॉ आहे, तो दिवसाला पन्नास पाडेल. पण पाऊस लागला तर नळी भिजणार."

"हॉलच्या आत असतात दादा, पाऊस नाही लागत. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत बांधून, सोडवून, गठ्ठे करून शाळेत ठेवून द्यायच्या."

"किती?"

"आधी एका हॉलच्या करून बघू. वीस खोल्यांच्या."

तो थोडा वेळ मनात हिशेब करत असावा. मागे शटर वर गेल्याचा आवाज आला. "बरं, आजपासून रद्दीवाल्याला नळ्या देत नाही," तो म्हणाला. "पोराला सांगून जाडीप्रमाणे वेगळ्या लावून ठेवतो. कापड कुठलं घ्यायचं तेवढं सांग."

"मांजरपाट. धुता येईल असा. आणि पन्हा मोठा बघ, मध्ये जोड नको."